ओरडून केलेली मदत

तुमच्या मुलाच्या वर्गावर यंदा नवीन शिक्षिका आल्या असतील, तर पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर त्यांच्याबद्दल पहिलं वाक्य कोणतं पडलं, आणि त्याखाली अंगठ्याचं चिन्ह कुणी टाकलं?

आठवत नसेल तर मी सांगते. वाक्य बहुतेक असं असतं: ‘नव्या मिसना क्लास कंट्रोल नाही म्हणे.’ त्यातलं ‘म्हणे’ महत्त्वाचं. लिहिणाऱ्यानं वर्ग पाहिलेला नसतो. मुलानं दूध पिताना काहीतरी पुटपुटलेलं असतं, तेवढ्यावर एका माणसाच्या नोकरीचा निकाल लागलेला असतो. आणि खाली अंगठे, हात जोडलेले, एखादं रडकं तोंड.

अनुभवकथन हे निवृत्तांनी लिहायचं असतं, हे मला ठाऊक आहे. मी निवृत्त नाही. माझे केस काळे आहेत आणि घसा अजून शाबूत आहे. पण चेन्नईतल्या खासगी शाळेत सात वर्षं टिकलेल्या बाईला स्टाफरूममध्ये ‘सीनियर’ म्हणतात, म्हणजे आमच्या धंद्यात माणूस किती लवकर पिकतो किंवा गळतो ते बघा. तेव्हा लिहिण्याचा हक्क मी घेतलेला आहे.

माझं बालपण सोलापुरात पत्रकांवर गेलं. बाबा कामगार संघटनेत. घरात उरलेल्या पत्रकांचे गठ्ठे असायचे. डब्यातली भाकरी पत्रकात बांधलेली, वह्यांना कव्हरं पत्रकांची, कपाटाच्या फळ्यांवर पत्रकं. बाकीची मुलं ‘कमळ’ वाचत होती तेव्हा मी ‘निषेध’ वाचत होते. लग्नानंतर नवऱ्याच्या नोकरीमागून चेन्नईच्या पेरुंगुडी भागात आले, शेजारच्या शाळेत विज्ञान शिकवायला लागले, आणि पहिल्याच आठवड्यात मला कळलं की जगातल्या सगळ्या पत्रकांत मिळून एकही ओळ अशी नाही, जी सातवीच्या शेवटच्या बाकावरून येणारा म्हशीचा आवाज थांबवू शकेल.

शाळेचं नाव सांगत नाही. नोकरी आहे. शिवाय तुमच्या गावातल्या शाळेचं नाव घातलंत तरी पुढचा मजकूर बदलावा लागणार नाही.

बाहेरच्यांना आधी थोडं समजावून सांगते. नवीन शिक्षिका जूनमध्ये येते. तिला प्रोबेशनवर घेतात, म्हणजे कायम करायचं की नाही ते वर्षभर बघतात. वर्गांची वाटणी होते तेव्हा जुन्या बायकांना अ आणि ब तुकड्या मिळतात, कारण त्यांना अनुभव आहे. नवीला शेवटची तुकडी मिळते, कारण तिला अनुभव मिळायला हवा. पोहायला न येणाऱ्याला सगळ्यांत खोल पाण्यात सोडायचं आणि काठावर उभं राहून त्याच्या हात मारण्याला गुण द्यायचे, अशी ही पद्धत. त्याआधी मात्र एक दिवस कार्यशाळा असते. तिथे फुगे असतात. सूट घातलेला एक गृहस्थ येतो आणि सांगतो की शिक्षक म्हणजे मेणबत्ती, स्वतः जळून दुसऱ्याला प्रकाश देते. मी हे चार वेगवेगळ्या गृहस्थांकडून ऐकलं आहे. वर्गात एकाच वेळी तीन मुलांना बाथरूमला जायचं असेल तर काय करावं, हे एकानंही सांगितलेलं नाही. मेणबत्तीला असले प्रश्न पडत नसावेत.

आणि मग येते कार्यशाळेनंतरची खरी मदत. ती ओरडून केली जाते.

माझ्या पहिल्या जूनमधली गोष्ट. मला तमिळ येत नव्हतं, हे मुलांनी पहिल्याच तासाला ओळखलं. माझं नाव अनघा. त्यांनी ते ‘अनगा मिस’ केलं, त्याला माझी हरकत नव्हती. पण पाठ फळ्याकडे झाली की मागे तमिळमध्ये समालोचन सुरू व्हायचं, क्रिकेटचं असतं तसं, आणि वर्ग हसायचा. एके दिवशी आवाज फारच चढला. तेवढ्यात दार धाडकन उघडलं आणि पद्माअक्का आत आल्या.

पद्माअक्का आमच्या इंग्रजीच्या शिक्षिका. मूळ तंजावूरच्या मराठी घराण्यातल्या, आता चेन्नईतच, जुन्या नुंगंबाक्कम भागात राहतात. आवाज असा की मैदानावरच्या घारी उडाव्यात. त्यांनी दारातूनच तमिळमध्ये दोन वाक्यं सुनावली. मला त्यातला फक्त ‘अनगा मिस’ एवढाच भाग कळला. वर्ग जागच्या जागी थिजला. अक्कांनी माझ्याकडे बघून मान हलवली, मराठीत म्हणाल्या, “घाबरूं नको ग. मी आहें की शेजारी,” आणि निघून गेल्या.

त्यांची मराठी माझ्या मराठीपेक्षा वयानं मोठी आहे. त्या ‘झालं’ म्हणत नाहीत, ‘जाहलें’ म्हणतात, आणि तेही तमिळच्या चालीवर. माहेरच्या गावापासून इतक्या लांब, रडायला आलेल्या क्षणी कुणी आपल्या भाषेत बोललं, म्हणून मी त्या दिवशी धन्य झाले. दुपारी त्यांनी डब्यातला दहीभातही दिला.

दुसऱ्या दिवशी पुन्हा आवाज चढला. मी डस्टर टेबलावर आपटला. पहिल्या बाकावरची एक गोड मुलगी उभी राहिली आणि अगदी मनापासून, मदत करायच्या भावनेनं म्हणाली, “मिस, पद्मा मिसना बोलावून आणू का?”

या वाक्याचा अर्थ नीट समजून घ्या. ती मुलगी उद्धट नव्हती. तिनं फक्त नोंद घेतली होती की या वर्गाला दोन शिक्षिका आहेत: एक शिकवणारी, जिचं ऐकायचं नसतं, आणि एक शेजारची, जिचं ऐकायचं असतं. पुढचे कित्येक महिने मी हे नातं मोडायला घालवले. मुलांची नावं पाठ केली, तमिळ शिकले, समालोचन करणाऱ्यालाच रोज दोन मिनिटं पुढे बोलावून आदल्या दिवशीच्या धड्याचं समालोचन करायला लावलं. ते त्याला इतकं आवडलं की तो वही वाचून यायला लागला. पण हे सगळं मला अंधारात चाचपडत सापडलं. सांगणारं कुणी नव्हतं. सगळे ओरडायला तयार होते, सांगायला कुणी नव्हतं.

स्वभाव पत्रकांचा. तेव्हा दुसऱ्या वर्षी मी नव्या शिक्षकांसाठी एकपानी पत्रक काढलं. साध्या इंग्रजीत, खाली तमिळ. त्यात मागण्या कमी, उपयोगाच्या गोष्टी जास्त, हे बाबांना फारसं रुचलं नाही. ‘समजलं का’ असं वर्गाला विचारू नका, कारण ‘येस मिस’ हा आपल्या देशात शिंकेसारखा आपोआप येतो. एकाला उभं करून आत्ताच सांगितलेलं त्याच्या शब्दांत सांगायला लावा. आवाज चढला की आपला उतरवा. कुणाला वर्गाबाहेर काढू नका, बाहेर जास्त मजा असते. पाणी प्या, आणि बाथरूमला जा. आतापर्यंत एकाही शिक्षिकेला मूत्राशय रोखून धरल्याबद्दल पदक मिळालेलं नाही. पत्रक मी स्टाफरूमच्या बोर्डावर लावलं. मधल्या सुट्टीपर्यंत ते को-ऑर्डिनेटर मॅडमनी काढलं होतं. मजकुराला त्यांची हरकत नव्हती. पत्रकावर शाळेचा लोगो नव्हता.

को-ऑर्डिनेटर मॅडम म्हणजे मुख्याध्यापिका आणि आम्ही यांच्यामधला पडदा. हातात टॅब घेऊन त्या मजल्यांवरून फिरतात, त्याला आमच्याकडे ‘राउंड’ म्हणतात. शांत वर्गापुढे थांबत नाहीत. आवाज असलेल्या वर्गापुढे थांबतात आणि टॅबवर बोट फिरवतात. वर्गात शिकवणं चालू आहे की मुलं डोळे उघडे ठेवून झोपली आहेत, हे टॅबला कळत नाही. शांतता मात्र कळते. स्मशानात शाळा भरवली तर आमच्याकडे तिला पूर्ण गुण मिळतील.

हे सगळं सांगण्याचं कारण कयलविळी.

कयलविळी यंदाच्या जूनमध्ये सातवी फ वर गणिताला आली. या नावाचा अर्थ मासोळीसारख्या डोळ्यांची, म्हणजे आपल्याकडची मीनाक्षीच. तिरुवारूरकडच्या एका लहान गावातली, तमिळ माध्यमातून शिकलेली, घरातली पहिली पदवीधर. गणित तिला असं येतं की मी तोंडाकडे बघत राहते. इंग्रजी मात्र जपून पाऊल टाकत बोलते, ओल्या फरशीवरून चालावं तसं. आमच्या पालकांना हे दुसऱ्याच दिवशी कळलं. ग्रुपवर कुणी तरी तिचा एक उच्चार लिहून टाकला. खाली हसून लोळणाऱ्या चेहऱ्यांची रांग लागली. यात मोठमोठ्या कंपन्यांत परदेशी लोकांशी दिवसभर बोलणारे इंजिनिअर होते. त्यांचे उच्चार तिकडे कुणी लिहून काढत असेल का, हा विचार त्यांच्या मनात आला नसावा.

महिन्याभरात ‘क्लास कंट्रोल नाही’ हे शब्द पालकांकडून मुख्याध्यापिकांकडे, तिथून को-ऑर्डिनेटर मॅडमकडे आणि तिथून कयलकडे पोचले. तिला सांगण्यात आलं की सप्टेंबरमधल्या राउंडला वर्ग कसा दिसतो त्यावर पुढचं ठरेल. दिसतो. शिकतो हा शब्द त्या वाक्यात नव्हता.

आणि त्याच आठवड्यात, तिच्या वर्गात आवाज चढला तेव्हा, पद्माअक्का दार उघडून आत गेल्या.

दुसऱ्या दिवशी कयल मला प्रयोगशाळेत येऊन म्हणाली, “अक्का, एका मुलानं आज मला विचारलं...”

“पद्मा मिसना बोलावू का?”

“तुम्हाला कसं कळलं?”

“ते या शाळेचं प्रार्थनागीत आहे,” मी म्हणाले.

ती हसली नाही. म्हणाली, “घरी परत जायला मला लाज नाही वाटणार. पण मी वाईट शिकवते असं मानून परत जायचं नाही. मी वाईट शिकवते का, एवढं मला कुणीतरी सांगा. कुणी बघतच नाही. सगळे दारातूनच जातात.”

तेव्हा मी जे केलं त्यात काही थोर नाही. माझा एक तास मोकळा होता. मी तिला विचारलं, “मी येऊन मागे बसू का? काही बोलणार नाही.” ती हो म्हणाली. मी वर्गात शिरताना दाराशी थांबून, मुलांना ऐकू जाईल असं विचारलं, “मे आय कम इन, मिस?” वर्गात एक लहानशी लाट उठली. अनगा मिस परवानगी मागतायत! कयल मिसकडे! मग शेवटच्या बाकावर, दोन मुलांच्या मध्ये, गुडघे हनुवटीला टेकवून मी बसले.

शेवटच्या बाकावरून वर्ग वेगळाच दिसतो. शिकवणाऱ्या प्रत्येकानं वर्षातून काही वेळा तिथे बसावं, असं माझं मत आहे. तिथून मला दिसलं की कयल दारातून आत येतानाच बोलायला सुरुवात करते, आणि फळ्याशी पोचेपर्यंत तिची पहिली तीन वाक्यं फुकट गेलेली असतात. आणि हेही दिसलं की माझ्या शेजारचा मुलगा तिच्या तोंडून एक गणित ऐकून खरोखर विचारात पडला होता, पण ती पुढच्या गणिताकडे धावली. तिला वाटत होतं की थांबलं तर गोंधळ होईल.

तास संपल्यावर तिनं विचारलं, “किती चुका?”

“एकच सांगते. आत ये, उभी राहा, श्वास घे, मग बोल.”

“बस?”

“बस. दुसरी पुढच्या वेळी. एका दिवसात एकच चूक सुधारते माणसाची. बाकीच्या नुसत्या दुखतात.”

मी पुन्हा गेले, पुन्हा बसले. मग ती माझ्या वर्गात येऊन बसली आणि मला म्हणाली की मी मुलींना कमी प्रश्न विचारते. ते खरं होतं, आणि मला चांगलंच झोंबलं. ज्या बाईच्या घरात समतेची पत्रकं शेल्फावर अंथरलेली होती, तिला!

मग राउंडचा दिवस आला.

कयलचा विषय होता ऋण संख्या. शून्याच्या खालच्या. तिनं आमच्या भागातली लिफ्ट घेतली होती. इथल्या मुलांचं अर्धं आयुष्य लिफ्टमध्ये जातं. ग्राउंड म्हणजे शून्य, खाली पार्किंगचे मजले म्हणजे वजा एक, वजा दोन. सरळ प्रश्न होता: वजा दोनमध्ये गाडी लावली, तिसऱ्या मजल्यावर घर, तर किती मजले वर गेलात? आणि तिथे भडका उडाला. एक म्हणाला पाच, दुसरा म्हणाला चार. कारण एकाच्या इमारतीत मध्ये स्टिल्ट होतं, म्हणजे खांबांवरचं मोकळं पार्किंग, आणि दुसऱ्याच्या इमारतीत नव्हतं. मग शून्याला मजला म्हणायचं की नाही? एक मुलगी उभी राहून ओरडली की त्यांच्याकडे तेरावा मजलाच नाही, बाराच्या पुढे थेट चौदा, मग तिथे गणित चालणारच नाही. कुणी म्हणालं पावसात वजा दोनमध्ये पाणी भरलं की लिफ्ट वजा एकलाच थांबते, मग वजा दोन आहे की नाही?

हे सगळं मला नंतर कळलं. तेव्हा मला व्हरांड्यात फक्त आवाज ऐकू येत होता, आणि दुरून, जिन्याच्या टोकाला, को-ऑर्डिनेटर मॅडमच्या चपलांचा आवाज.

पद्माअक्का सातवी ई मधून बाहेर आल्या. हातात खडू, पदर खोचलेला.

“ऐकतेस काय उभी राहून? बाजूला हो. मी दोन शब्द बोलतें, गप्प होतील सारीं.”

मी दार अडवलं. “अक्का, आत जाऊ नका.”

“अग, ती येत आहे तिकडून! पोरीची नोकरी जाईल!”

“तुम्ही ओरडून गप्प केलंत तर आजचा दिवस जाईल निभावून. उद्या तिचा वर्ग तुमचा झालेला असेल. माझा झाला होता.”

“तुझा वर्ग माझा? कधीं?”

“अक्का, माझी मुलं तुम्हाला बोलावून आणायला निघायची.”

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जसं मी त्यांच्या दहीभाताला नावं ठेवली. चेहरा उतरला. मग हळू आवाजात म्हणाल्या, आणि त्यांचा हळू आवाज मी पहिल्यांदाच ऐकत होते, “माझ्या पहिल्या वर्षीं एक बाई अशाच येऊन ओरडून जात. मी समजलें हीच मदत. दुसरी कोणी दाखविलीच नाहीं मज.”

“मग आज दुसरी करू या. ओरडायचं नाही. बसायचं.”

“कोठें?”

“शेवटच्या बाकावर.”

“माझे गुडघे!” अक्का म्हणाल्या. पण खडू त्यांनी खिडकीच्या कट्ट्यावर ठेवला.

मी दार वाजवलं. “मे आय कम इन, मिस?” आणि माझ्या मागे पद्मा मिस.

वर्ग एका क्षणात गारठला. तोंडं उघडी, हात वर, आणि आवाज शून्य. सगळ्यांनी ओळखलं की आता ओरडणार. कयलचा चेहरा पांढरा पडला. तिला वाटलं मीच अक्कांना ओरडायला घेऊन आले. आम्ही दोघी मुकाट्यानं मागे जाऊन बसलो. तरी कुणी बोलेना. को-ऑर्डिनेटर मॅडम दोन वर्गांच्या अंतरावर आल्या होत्या. गंमत बघा, तिच्या नोकरीला जे हवं होतं ते सगळं त्या क्षणी वर्गात होतं. टाचणी पडली तर ऐकू आली असती. आम्ही हात जोडून तसंच बसून राहिलो असतो तर कयलला पूर्ण गुण मिळाले असते, आणि शून्य हा मजला आहे की नाही हे त्या मुलांना दहावीपर्यंत कळलं नसतं.

कयलनं दाराकडे पाहिलं. तिलाही चपला ऐकू येत होत्या. मग ती फळ्यासमोर येऊन उभी राहिली, तिनं श्वास घेतला, आणि आपल्या जपून चालणाऱ्या इंग्रजीत म्हणाली, “आपण भांडत होतो. पुढे चालू ठेवा. कुणाला शंका आहे?”

कुणीही हात वर केला नाही. आणि मग माझ्या शेजारून एक हात वर गेला, बांगड्यांचा आवाज करत.

“मिस,” पद्माअक्का म्हणाल्या, “आमच्या बिल्डिंगला लिफ्टच नाही. मी कशी मोजू?”

हे त्या अगदी गंभीरपणे विचारत होत्या. नुंगंबाक्कमची त्यांची इमारत जुनी आहे. वर्ग हबकला, आणि मग फुटला. पद्मा मिसला येत नाही! पद्मा मिसला समजावून सांगायचंय! चारी बाजूंनी मुलं वळली. “मिस, जिने मोजा!” “मिस, तुमच्याकडे स्टिल्ट आहे का ते आधी सांगा!” “अय्यो, मिसकडे बेसमेंटच नाही, मिसला मायनस नाहीच!” तेरावा मजला नसलेली मुलगी त्यांच्या वहीवर उभी रेघ काढून मध्ये शून्य दाखवत होती आणि आमच्या शाळेतल्या सगळ्यांत दरारा असलेल्या बाईला सांगत होती, “नीट बघा मिस, घाई करू नका.”

कयल मध्ये उभी राहून एकेकाला थांबवत होती, “तू कारण सांग. नुसतं उत्तर नको, कारण.”

तेवढ्यात को-ऑर्डिनेटर मॅडम दारात आल्या. टॅब, चष्मा, भुवया. त्यांनी गोंगाट ऐकला. कयल आता माझ्याकडे बघेल असं मला वाटलं. ती बघत नव्हती. ती एका मुलाचं कारण ऐकत होती.

“व्हॉट इज हॅपनिंग हिअर?” मॅडम म्हणाल्या.

मी उठायच्या आत पद्माअक्का उठल्या. गुडघा बाकाला आपटला. आता मात्र त्यांनी तो आवाज काढला, घारी उडवणारा, पण मुलांवर नाही.

“मॅडम, क्लास चालू आहे. नंतर या.”

इतक्या वर्षांत त्या मजल्यावर हे वाक्य कुणी उच्चारलं नसावं. मॅडमनी अक्कांकडे पाहिलं, शेवटच्या बाकाकडे पाहिलं, टॅबवर बोट फिरवलं आणि गेल्या.

इथे गोष्ट संपवली असती तर छान झालं असतं. फुग्यांच्या कार्यशाळेतल्या गृहस्थांना सांगायला एक किस्साही मिळाला असता. पण मी नोकरी करते, किस्से सांगत फिरत नाही.

राउंडचा शेरा आला: ‘विषयाची तयारी उत्तम. क्लास कंट्रोलमध्ये सुधारणा आवश्यक.’ कयलचं प्रोबेशन वाढवलं. तिला कायम करायचं की निरोप द्यायचा हे आता वर्षअखेरीला ठरेल, आणि त्यात पालकांचा अभिप्राय विचारात घेतला जाईल. त्याच संध्याकाळी पालकांच्या ग्रुपवर मजकूर पडला: ‘मॅथ्स मिसचा वर्ग सांभाळायला दोन सीनियर टीचर्सना आत बसावं लागलं.’ अंगठे. हात जोडलेले. रडकं तोंड.

आणि पुढच्या आठवड्यात परिपत्रक निघालं. यावर लोगो होता. शाळेत ‘बॅक बेंच बडी’ हा अभिनव उपक्रम सुरू होत असून प्रत्येक शिक्षकानं महिन्यातून एकदा दुसऱ्याच्या वर्गात मागे बसावं, छातीला बिल्ला लावावा, फोटो काढावा आणि वर्गाच्या शिस्तीला गुण द्यावेत. आता मागच्या बाकावर माणूस बसला की नवी शिक्षिका त्याच्या बिल्ल्याकडे बघत शिकवते. ज्या गोष्टीनं धीर द्यायचा तिचं परीक्षेत रूपांतर करायला आमच्या व्यवस्थेला एक आठवडा पुरतो. बाबांना फोनवर सांगितलं तर ते म्हणाले, “अगं, हे आमच्या प्रत्येक मागणीचं झालंय. मान्य करतात, आणि मान्य करूनच मारतात.”

कयल, अक्का आणि मी बिल्ला लावत नाही. विचारून बसतो, गुण देत नाही, एकच गोष्ट सांगतो. परवा अक्का कयलच्या वर्गातून बाहेर आल्या आणि मला म्हणाल्या, “अग, शून्याच्या खालीं इतकें असतें हें मज कोणी सांगितलेंच नव्हतें.” दुसऱ्याच दिवशी त्यांनी एका नव्या हिंदी शिक्षिकेच्या दाराशी थांबून परवानगी मागितली. ती बिचारी घाबरून उभीच राहिली. अक्का म्हणाल्या, “सेरी, सेरी, बरें, बरें, मी ओरडायला नाहीं आलें.” सवय एका दिवसात जात नाही, ना ओरडणाऱ्याची, ना घाबरणाऱ्याची.

कयलच्या वर्गात आवाज अजून असतो. काही दिवशी तो भांडणाचा असतो, काही दिवशी नुसताच असतो, तेव्हा ती थांबते, श्वास घेते, पुन्हा सुरू करते. ती चांगली शिकवते का, हा तिचा प्रश्न होता. हो, शिकवते. पण हे मी सांगून उपयोग नाही. माझा अभिप्राय कुणी विचारलेला नाही. तुमचा विचारला जाणार आहे.

म्हणून एक काम सांगते, आणि ते अंक खाली ठेवल्यावर लगेच करा. तुमच्या शाळेतही या वर्षी आलेली एक कयलविळी आहे. मूल घरी आलं की ‘वर्ग शांत असतो का’ हे विचारू नका. विचारा, ‘आज वर्गात भांडण कशावरून झालं?’ उत्तरात लिफ्ट, बेडूक, अकबर, काहीही निघालं, तर ते एका वाक्यात लिहा आणि मुख्याध्यापकांना पाठवा. ग्रुपवर नाही, मुख्याध्यापकांना. वाक्यात त्या शिक्षिकेचं नाव घाला. ‘नवीन मिस’ नको, पूर्ण नाव, आणि नीट. माहीत नसेल तर आधी मुलाला विचारा. त्याला माहीत असतं.